हरल्यावर विचारायचे कोणाला?

आपली मुले बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरतात, याचे आम्हाला फारसे दुःख नाही. हरणे हा खेळाचाच भाग आहे. दुःख आहे ते हरल्यानंतर मुले जे बोलतात त्याचे. "बाबा, आपलं डोकं नाही चालत त्यात," असे सांगून सातवी-आठवीतला मुलगा पट गुंडाळतो आणि पुन्हा उघडत नाही. बापही मान डोलावतो. डोके चालत नाही म्हणजे काय? त्या मुलाचा डाव चार चालींत संपला होता. समोरच्याने वजीर आणि उंट बाहेर काढले आणि राजाकडच्या उंटापुढचे प्यादे मारून मात केली. डावाच्या सुरुवातीला त्या प्याद्याला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो. समोरच्या मुलाला ही गोष्ट शिकवणीत कोणीतरी दाखवली होती, आपल्या मुलाला कोणी दाखवली नव्हती. एवढाच काय तो फरक. त्याला बुद्धीचा फरक म्हणणे हा मुलावर अन्याय आहे.

यावरचा उपायही पाच मिनिटांत सांगता येतो. वजीर बाहेर आलेला दिसला की आधी वजिराकडचा घोडा काढून मधल्या प्याद्याला आधार द्यावा. मग राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून वजिराची वाट अडवावी. वजिराला मागे फिरावे लागते आणि त्याच्या चाली फुकट जातात. पण हे सांगणारा कोणी तरी शेजारी हवा ना!

आम्ही किहीम-चोंढी भागातली दहा-बारा मंडळी संध्याकाळी पट मांडून बसतो. कोणी गवंडीकाम करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी मुंबईकरांच्या बंगल्यावर माळी आहे. बाकी शाळेतली पोरे. एका पटातले काळे प्यादे हरवले आहे, त्याच्या जागी बाटलीचे बूच चालते. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद पडल्या, बंगल्यांवरची वर्दळ कमी झाली की बैठका लांबतात. यात नवल काही नाही, असे अड्डे गावोगाव असतात. आमच्याकडे वेगळे काही असेल तर ती शंभर पानी वही. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने वहीत लिहायचा, नाव लिहिले नाही तरी चालते. ज्याला उत्तर येईल त्याने खाली लिहायचे. दुसऱ्याला ते चूक वाटले तर त्याने आणखी खाली लिहायचे, मात्र कारणासकट. 'चूक आहे' एवढेच लिहिलेले आम्ही उत्तर धरत नाही.

वहीतले काही प्रश्न वाचकांच्याही उपयोगाचे आहेत. 'घोडा कडेला नेऊ नये म्हणतात, ते का?' याचे उत्तर एका मुलाने बोटाने घरे मोजून दिले. पटाच्या मध्यावरून घोड्याला आठ घरे मिळतात, कोपऱ्यातून फक्त दोन. 'नुसत्या हत्तीने मात होते का?' होते. राजा आणि हत्ती मिळून एकट्या राजाला फार तर सोळा चालींत मात देता येते. पण आपला राजा मागे बसून राहिला तर होत नाही, त्यालाही कामाला लावावे लागते. 'आणि दोन घोड्यांनी?' समोरचा चुकला तर होते, त्याला भाग पाडून करता येत नाही. हे लिहिणाऱ्याशी तीन दिवस वाद चालला. शेवटी दोन घोडे घेऊन जो तो प्रयत्न करून थकला आणि मुकाट बसला.

किहीमला वहीत नोंदी करीत बसणे नवे नाही म्हणा. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली इथेच सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांसमोर बसून कोणता नर काय करतो आणि मादी केव्हा येते याच्या नोंदी केल्या होत्या. आमची वही तेवढी थोर नाही, पण रीत तीच.

जुन्या जाणत्यांचे प्रश्न निराळेच असतात. आमच्यातले एक आजोबा देशी पद्धतीने शिकलेले. त्या खेळात किल्लेकोट नाही. राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी घेता येते. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला त्या पट्टीचे मोहरे मिळते, हवा तो वजीर नव्हे. पोरे म्हणतात, "आजोबा, हे चुकीचं आहे." चुकीचे नाही, दुसरे आहे. स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमच चालतात, ते शिकायलाच हवेत. पण आजोबांना प्याद्यांची जी जाण आहे ती त्या हळू खेळातूनच आलेली आहे. पोरांनी ती मागून घेतली आणि बदल्यात त्यांना किल्लेकोट शिकवला.

कोडी देण्याघेण्याची ही आवड आपल्या मुलखात जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातील डावांच्या कोड्यांचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. पुढे फेब्रुवारी १८४५ मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात हिंदुस्थानातून पाठवलेले एक कोडे प्रसिद्ध झाले. पाठवणाऱ्याने सही केली होती 'शागीर्द', म्हणजे शिष्य. हा शागीर्द दिल्लीत राहणारा हेन्री लव्हडे नावाचा इंग्रज धर्मोपदेशक होता. चार चालींत मात करायची होती आणि इंग्लंडातल्या भल्याभल्यांना घाम फुटला.

त्यातली गंमत समजून घेण्याजोगी आहे. काळ्या राजाला हलायला घरच नाही आणि शहही नाही, अशी वेळ येऊ घातलेली. तसे झाले तर डाव बरोबरीत जातो, म्हणजे जिंकत आलेला डाव हातचा जातो. पांढरा काय करतो? आपला उंट तिरक्या रेषेत लांब मागे, पार शेवटच्या ओळीत नेऊन ठेवतो. पाहणाऱ्याला वाटते, हा पळाला. मग हत्ती त्या उंटाच्या पुढ्यात आणून उभा करतो. आता उंटाची वाट आपल्याच हत्तीने अडली! पण त्यामुळे काळ्या राजाला एक घर मोकळे होते आणि तिथे गेल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. तो तिथे गेला की हत्ती पुढे सरकतो. हत्तीचा शह, मागून उघडलेल्या उंटाचाही शह, आणि मात. मागे घेतलेला उंटच शेवटी राजाला गाठतो. आज जगभर या युक्तीला 'भारतीय' कोड्याची युक्ती म्हणतात. एवढे कोडे रचणाऱ्याने स्वतःला शिष्य म्हणवून घेतले, हे आम्हाला फार आवडते.

पंजाबचे मीर सुलतान खान यांचेही उदाहरण घ्या. ते देशी बुद्धिबळावर वाढलेले, युरोपी नियम नंतर शिकलेले. १९२९ साली इंग्लंडला गेले तेव्हा सुरुवातीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यांच्याकडे नव्हते. विंटर आणि येट्स या तिथल्या दोन नामांकित खेळाडूंनी स्पर्धेआधी त्यांच्याशी सरावाचे डाव खेळून त्यांना तयार केले. ती ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा सुलतान खान यांनी जिंकली आणि १९३२ व १९३३ सालीही जिंकली. विंटर आणि येट्स यांनी ज्ञान कडीकुलपात ठेवले असते तर?

मुलींविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे. आमच्या बैठकीतही पहिली दोन वर्षे मुली कडेला उभ्या राहून पाहत होत्या. वहीत एक उत्तर सुरेख अक्षरात आले, बिननावाचे. ते नववीतल्या मुलीचे निघाले, तेव्हा कुठे तिला पटावर जागा मिळाली. ही आमच्यातल्या पुरुषांची मेहरबानी नव्हे, ती जागा तिची होतीच. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला की स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पहिली दहा वर्षे आपल्याच घरात ठेवले. चर्चेला घरातच दोन तोडीस तोड बहिणी असणे ही केवढी मोठी शिकवणी! आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

काही ज्येष्ठ उपासक विचारतात, भगवान बुद्धांनी असे खेळ वर्ज्य सांगितले नाहीत का? ब्रह्मजाल सुत्तात आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटाचा उल्लेख आहे, हे खरे. पण तेथे विषय श्रमणांच्या आचरणाचा आहे. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्तात धोका सांगितला आहे तो जुगाराचा: पैसा जातो, वैर वाढते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही. म्हणून आमच्या पटावर पैज नाही, चहाचीसुद्धा नाही.

आता मोबाइलवर यंत्र क्षणात उत्तर सांगते, मग वही कशाला, असे पोरे म्हणतात. यंत्र चाल सांगते, ती का खेळायची ते समजावत बसत नाही. आमचा नियम असा की मोबाइल शेवटी उघडायचा, आधी हरणाऱ्याने विचारायचे आणि जिंकणाऱ्याने सांगायचे. जिंकणाऱ्याला सांगता आले नाही तर तोही काही शिकलेला नाही, असे आम्ही धरतो.

वाचकांसाठी वहीतले एक कोडे. रिचर्ड रेटी या युरोपातील खेळाडूने ते १९२१ साली रचले. पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८. पांढरा राजा एच ८ वर, पांढरे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, काळे प्यादे एच ५ वर. बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे पळत सुटले आहे, राजा नुसता त्याच्यामागे धावला तर ते हाती लागत नाही. आपले प्यादे पुढे काढावे तर काळा राजा शेजारीच उभा आहे. तरीही पांढऱ्याने डाव बरोबरीत सोडवायचा आहे. एवढेच सांगतो की राजा तिरका चालला तर एका चालीत दोन दिशांना जवळ जातो. आधी हाताने चालवून पाहा. घरात दोन मते पडली तर दोन्ही चाली लिहून ठेवा, कारणासकट.