कुत्र्याचे खुबे आणि आपले समज

सात-आठ महिन्यांचं लॅब्रॉडॉर पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकू लागतं, बसलं की उठायला वेळ लावतं, जिन्यापाशी येऊन थबकतं. एक्स-रे निघतो आणि 'हिप डिस्प्लेसिया' हे नाव घरात येतं. पाठोपाठ सल्ले येतात. पिल्लू परत करा, फिरवणं बंद करा, कॅल्शियम वाढवा, नाहीतर सरळ इंजेक्शन देऊन सोडवा बिचाऱ्याला. हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यातल्या बहुतेक सल्ल्यांना आधार नाही आणि त्यांची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खळग्यात घट्ट बसायला हवा. या आजारात सांधा सैल राहतो, माथा खळग्यात नीट न बसता सरकत राहतो. मग खळगा उथळ होतो, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. १९३५ साली अमेरिकेतले पशुवैद्य गेरी श्नेल यांनी कुत्र्यांमधल्या या दोषाचं वर्णन केलं. तरी आजही 'पिल्लू जन्मतःच अधू होतं' असं सर्रास बोललं जातं. वस्तुस्थिती अशी की ही पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे खुबे सामान्य असतात, बिघाड पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत घडत जातो. सैलपणाचा कल अनेक जनुकं मिळून देतात, पण तो किती प्रत्यक्षात उतरेल हे वजन, वाढीचा वेग आणि हालचाल यांवरही ठरतं. जे घडत जातं, त्यात आपल्याला हात घालता येतो.

'वाढतं वय आहे, खाऊ दे की पोटभर.' मला सगळ्यांत घातक वाटतो तो हा समज, कारण तो प्रेमापोटी येतो आणि म्हणून त्याला कुणी अडवत नाही. अमेरिकेत प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॉडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या. जोडीतली दोन्ही पिल्लं एकाच वेतातली. आठ आठवड्यांच्या वयापासून एकाला जेवढं अन्न, त्याच्या जोडीदाराला त्याहून २५ टक्के कमी, आणि तेही आयुष्यभर. पाचव्या वर्षी प्रत्येक गटातल्या २३ कुत्र्यांचे खुबे तपासले. जास्त खाणाऱ्यांत १२ जणांना खुब्याचा संधिवात होता, कमी खाणाऱ्यांत फक्त तिघांना. एक्स-रेमध्ये संधिवात दिसू लागण्याचं मध्यक वय जास्त खाणाऱ्यांत सहा वर्षं निघालं, तर कमी खाणाऱ्यांत बारा. आयुर्मानातही फरक पडला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते ११.२ आणि १३ वर्षं होतं. एकाच आईची पिल्लं, अन्नही तेच, बदललं फक्त माप. सांध्याचं दुखणं इतकं लांबवणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही.

म्हणून घरात डिस्प्लेसियाचं निदान झालं की पहिलं पाऊल वजनाचं. बरगड्या दिसायला नकोत, पण हलका हात फिरवला की बोटांना लागायला हव्यात, आणि वरून पाहिल्यावर कंबर ओळखू यायला हवी. आपल्याकडचा बहुतेक पाळीव लॅब्रॉडॉर या कसोटीत बसत नाही, असं मला दिसतं. त्याचा वाडगा मापात असतो, पण आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, मुलांच्या ताटातली अर्धी पोळी आणि रात्रीचा दूधभात यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. हा वरचा खाऊ घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून कमी करायला हवा. एकट्या आईने किंवा एकट्या मुलाने तो बंद करून काही साधत नाही.

कॅल्शियमची गोष्टही याच्या जवळचीच. हाडं मजबूत व्हावीत म्हणून पावडर किंवा सिरप देण्याची पद्धत आहे. पण मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंच शरीरात शिरतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या संशोधनात जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडल्याचं दिसलं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या तयार आहारात ते मोजून घातलेलं असतं. वर आणखी नको. मात्र पिल्लू निव्वळ घरच्या भातावर आणि चिकनवर वाढत असेल तर कॅल्शियम कमीही पडू शकतं. तिथे प्रमाण पशुवैद्यानेच काढून द्यावं.

फिरवणं बंद करायचं का? नाही. स्नायू हेच सैल सांध्याचे आधार आहेत, कुत्रं बसून राहिलं की ते झिजतात. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त आढळला, तर त्याच वयात मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांना कमी. म्हणजे पिल्लाला गवतावर सोडा आणि जिन्यावर उचलून घ्या. मोठ्या कुत्र्याला पट्ट्यावर रोज ठरावीक, थोडं थोडं चालवा. सोय असेल तर पोहणं उत्तम. रविवारी तासभर चेंडूमागे पळवणं आणि आठवडाभर बाल्कनीत ठेवणं हे मात्र सांध्याला मानवत नाही. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय फाकतात. त्याच्या ये-जा करायच्या वाटेवर रबरी मॅट टाका, नखं आणि तळव्यांमधले केस कापत राहा.

'एक्स-रे फार वाईट आहे, म्हणजे खूप दुखत असणार.' हे गणित तसं नाही. चित्र भीषण असूनही मजेत पळणारी कुत्री असतात आणि किरकोळ बदल असूनही कण्हणारी असतात. कित्येक पिल्लांचं सुरुवातीचं लंगडणं सांध्याभोवतीची ऊती जाड होऊ लागली की कमी होतं. उपचार ठरतो तो कुत्र्याच्या त्रासावरून. उलटही घडतं, लंगडण्याचं खापर खुब्यावर फुटतं आणि खरं कारण गुडघ्याचा तुटलेला लिगामेंट असतो. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डची नखं चालताना घासत असतील, तोल जात असेल आणि दुखत काहीच नसेल, तर मज्जारज्जूचा आजारही तपासावा लागतो.

घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. पहिल्या दोन गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृत आणि रक्तावर घाला घालतं. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी औषधं आहेत, पण मात्रा पशुवैद्याची आणि अधूनमधून रक्ततपासणी हवीच. स्टेरॉइड चालू असताना ती देत नाहीत. ग्लुकोसामाइनवर लोक भरपूर खर्च करतात, त्याचा पुरावा मात्र दुबळा आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ची बाजू त्यापेक्षा बरी.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. पण ज्याला लागेल त्याच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. जघनास्थीची वाढ थांबवून खळगा सुधारण्याची छोटी शस्त्रक्रिया साधारण पाच महिन्यांच्या आतच उपयोगी पडते. कमरेचं हाड कापून खळगा फिरवायचा, तर तो संधिवात सुरू होण्याआधी. पुढे मांडीच्या हाडाचा माथा काढणं, जे हलक्या कुत्र्यांना अधिक मानवतं, किंवा संपूर्ण खुबा बदलणं हे मार्ग उरतात. म्हणून मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की लसीकरणाच्या भेटीतच खुबे तपासून घ्या, लंगडण्याची वाट बघू नका. मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी करायची असेल तर त्याबद्दलही तेव्हाच बोला. गोल्डन रिट्रीव्हरवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत डिस्प्लेसियाचं प्रमाण नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट आढळलं.

पिल्लू विकत घेताना लोक केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद बघतात. तो वंशावळ सांगतो, खुब्यांबद्दल काही सांगत नाही. 'आई-बाप छान चालतात' हाही पुरावा नव्हे, कारण दोष असूनही कुत्रं धड चालू शकतं. जात लहान म्हणूनही निश्चिंत राहू नये, पगमध्ये हा दोष बराच आढळतो. मागायचे ते आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे. असे एक्स-रे तपासून खुब्यांना श्रेणी देणाऱ्या अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेची अंतिम श्रेणी कुत्र्याला दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. पेनहिप या पद्धतीने सांध्याचा सैलपणा चार महिन्यांच्या पिल्लातही मोजता येतो. अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या 'द सीइंग आय' संस्थेने फक्त चांगल्या खुब्यांच्या कुत्र्यांपासून पैदास केली. पाच पिढ्यांच्या आत जर्मन शेफर्डमधलं डिस्प्लेसियाचं प्रमाण ५५ वरून २४ टक्क्यांवर आलं, लॅब्रॉडॉरमधलं ३० वरून १० टक्क्यांवर. आपल्याकडे ग्राहक हे एक्स-रे मागू लागले, तर ब्रीडरना ते काढावे लागतील.