मातीचे ताट आणि तिसरा हिस्सा

धर्मविधीसाठी लागणारी वस्तू विकत घेताना ती सुंदर असावी म्हणून किती जादा पैसे मोजावेत, हा प्रश्न धर्मपंडितांनी विचारात घ्यावा आणि त्याचे उत्तर चक्क अपूर्णांकात द्यावे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चकित करणारी आहे. ज्यू पंडितांनी हे केले आहे. बाबिलोनी तालमूदातील 'बाबा कामा' या प्रकरणात असा निर्णय आहे की, विधीच्या शोभेसाठी एक तृतीयांशापर्यंत जादा खर्च करावा. त्यावर राव आशी या पंडिताने लगेच शंका काढली : हा तृतीयांश मूळ किमतीचा, की वाढीव रक्कम धरून होणाऱ्या एकूण किमतीचा? तीनशे रुपयांच्या वस्तूवर पहिल्या हिशेबाने शंभर रुपये जादा पडतात, दुसऱ्या हिशेबाने दीडशे. ग्रंथात ही शंका अनिर्णीतच राहिली आहे.

या तृतीयांशावर कोणाचे पोट चालत आले, हे पाहावयाचे तर ज्यू घरातील विधीची भांडी पाहावयास हवीत. आणि त्यांतही मातीची भांडी, कारण मातीला स्वतःची अशी किंमत जवळजवळ नसतेच. चांदीच्या पेल्यात चांदीचे मोल किती आणि घडणावळ किती, हा वाद घालता येतो. मातीच्या ताटात जे काही मोल आहे ते सारे हाताचे आणि भट्टीचे.

वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंब जेवणास बसते तेव्हा मध्यभागी 'सेदेर'चे ताट असते. त्यात भाजलेले हाड, अंडे, कडू पाला, हिरवी भाजी असे साधारणपणे सहा पदार्थ मांडतात. त्यांपैकी 'हरोसेत' हे फळे, सुकामेवा व मद्य यांचे मिश्रण मिसर देशातील गुलामगिरीत पूर्वजांनी कालवलेल्या चिखलाची आठवण म्हणून ठेवतात. पदार्थ कोणते हे परंपरेने ठरलेले. ताट कशाचे, केवढे, कोणत्या घाटाचे, यावर मात बंधन नाही. दाराच्या चौकटीवर लावावयाच्या 'मेझुझा'चेही तसेच. आतील चर्मपत्रावरील मजकूर प्रशिक्षित लेखनिकानेच लिहावा लागतो आणि एक अक्षर चुकले तरी ते पत्र बाद होते. परंतु ज्या नळीत ते पत्र ठेवावयाचे ती लाकडाची असो, धातूची असो वा मातीची, शास्त्राची हरकत नाही. शास्त्राने आपला कडकपणा शब्दांवर खर्च केला आणि भांडे कारागिराच्या हाती मोकळे सोडले.

मातीविषयी शास्त्राला एकच अडचण वाटते : ती शोषून घेते. धातूचे भांडे उकळत्या पाण्याने पुन्हा शुद्ध करून घेता येते. मातीचे भांडे एकदा निषिद्ध अन्नाच्या संपर्कात शिजले की त्याला सहसा हा उपाय चालत नाही. वल्हांडणात आंबवलेले काही चालत नसल्याने या सणाची मातीची भांडी वेगळी ठेवणे ओघानेच येते. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजात या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' असे नाव होते. आंबट कालवणाचे मातीचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवीत, त्यावरून हे नाव पडले. शास्त्रग्रंथांपासून शतकानुशतके दूर राहिलेल्या समाजाने सणाची खूण म्हणून एक मडके तेवढे जपले, ही बाब प्रस्तुत लेखकास विलक्षण वाटते.

हनुक्का सणाच्या दिव्यांचा नियम तर कुंभाराच्या अर्थव्यवहाराशीच निगडित आहे. योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरुख' या सोळाव्या शतकातील विधिसंहितेत सांगितले आहे की, मातीचा दिवा एका रात्री लावला की तो जुना झाला. दुसऱ्या रात्री नवा घ्यावा, आणि नवा नसेल तर जुना आगीत भाजून घ्यावा. मात्र झिलई दिलेल्या मातीच्या दिव्याला धातूच्या किंवा काचेच्या दिव्याप्रमाणे ही अट नाही. म्हणजे साधी पणती करणाऱ्या कुंभाराला शास्त्राने वारंवार येणारे गिऱ्हाईक दिले, तर झिलई करणाऱ्याला एकदाच येणारे. पहिल्याचे जिन्नस स्वस्त राहणार हे उघड आहे. दुसऱ्याला एकाच विक्रीत सारे वसूल करावयाचे असते. म्हणून त्याला कलावंत व्हावे लागते.

असे असूनही जुनी मातीची विधिपात्रे थोडीच उरली आहेत. ज्याला केव्हाही घर सोडावे लागेल असा समाज चांदी जवळ बाळगतो. ती गाठोड्यात बांधता येते आणि अडीअडचणीला मोडता येते. माती मोडते, पण त्या अर्थाने नव्हे. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये सुमारे १४८० मधील एक स्पॅनिश सेदेर-ताट आहे; धातूसारखी चमक असलेल्या झिलईचे आणि अर्ध्या मीटरहून मोठ्या व्यासाचे. त्यावरील हिब्रू अक्षरांत चुका आहेत, त्यावरून ते घडवणाऱ्याला ती भाषा येत नसावी असा तर्क केला जातो. त्या काळी व्हॅलेन्सियाकडे अशा झिलईचे कसब प्रामुख्याने मुसलमान कुंभारांच्या हाती होते. मागणी ज्यूंची, कसब बहुधा परधर्मीयाचे. बाजारपेठेला यात वावगे काही दिसले नाही. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर घालवले आणि ते गिऱ्हाईकच संपले.

इटालियन मायोलिका ताटांची कथा याच्या उलट आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील तारखा असलेली अशी अनेक सेदेर-ताटे संग्रहालयांनी व धनिकांनी मोठ्या हौसेने जमवली. पुढे व्हिव्हियन मान या अभ्यासिकेने दाखवून दिले की, ती प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील आहेत. गिऱ्हाईक पुजकाऐवजी संग्राहक झाला की कारागीर सौंदर्याऐवजी वय विकू लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

विसाव्या शतकात मात्र या कलेला नावगाव असलेले कलावंत लाभले. बोरिस शात्झ यांनी १९०६ मध्ये जेरुसलेम येथे बेझालेल ही कलाशाळा स्थापन केली. तिच्या मृत्तिकाविभागात याकोव्ह आयझेनबर्ग यांनी बायबलमधील दृश्यांच्या फरशा घडवल्या. तेल अवीवमध्ये बियालिक या कवीच्या घरात तशा फरशा आजही पाहावयास मिळतात. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून आलेल्या हेडविग ग्रोसमन यांचा मार्ग निराळा. परदेशी माती व भपकेदार झिलई नाकारून त्यांनी तेथलीच माती शोधून काढली आणि पुढच्या पिढीतील अनेक कुंभारांना शिकवले. हावा सॅम्युएल याही जर्मनीतूनच आल्या. त्यांनी एका सहकारिणीबरोबर रिशोन लेझियोन येथे 'घडा आणि पेला' अशा अर्थाच्या नावाची कार्यशाळा चालवली. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये निसटलेले गेर्ट्रुड व ऑटो नाट्झलर हे दांपत्य लॉस एंजेलिसला पोचले. चाकावरचे काम गेर्ट्रुड यांचे, झिलई ऑटो यांची. पात्रकलेत नावाजलेल्या या घराने हनुक्काचा दिवाही घडवला. ज्या वर्षांत युरोपातील सिनेगॉगे जाळली गेली आणि घराघरांतील चांदी लुटली गेली, त्याच वर्षांत ही माणसे हातातील कसबाखेरीज फारसे काही बरोबर न घेता बाहेर पडली होती.

आज इस्रायलात व अमेरिकेत छोट्या भट्ट्यांवर सेदेर-ताटे, दिवे, मेझुझाच्या नळ्या घडवणारे अनेक कलावंत आहेत. त्यांची अडचण बाऊमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगभूमीसंदर्भात मांडली तीच होय. कारखान्यात छापील नक्षीचे ताट दर दशकात अधिक वेगाने निघते. चाकावरचे ताट ओढावयास मात्र जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागतो. कारागिराचा रोज तर इतरांबरोबर वाढलाच पाहिजे. परिणामी हातच्या ताटाचा भाव छापील ताटाच्या मानाने वाढतच जातो, आणि तो तृतीयांशात भागेल ही आशा केव्हाच सुटली आहे. तालमूदाने यासाठीही एक वाट ठेवली आहे : तृतीयांशापर्यंतचा खर्च माणसाच्या पदरचा, त्यापलीकडचा ईश्वराच्या खात्यावर. आजचे बहुतेक हस्तकारागीर या दुसऱ्या खात्यावर जगत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

हे खाते उघडते ते मुख्यतः लग्न, नवे घर, मुलाचा धर्मदीक्षाविधी अशा प्रसंगी. स्वतःसाठी छापील ताट घेणारा मनुष्य भाचीच्या लग्नात हातचे ताट देतो, कारण भेटवस्तूत काटकसर दिसता कामा नये. शासकीय अनुदानापेक्षा ही सामाजिक भीड कारागिराला अधिक भरवशाची, असे माझे मत आहे. हस्तव्यवसायांविषयीच्या आपल्या योजना पुरवठ्याच्या बाजूनेच आखल्या जातात. चाके वाटली जातात, प्रशिक्षण दिले जाते, आणि घेणारा कोण, हा प्रश्न प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकलला जातो.

जोखीम मात्र पुष्कळ आहे. पसरट ताट वाळताना कडा उचलते, भट्टीत वाकते. सारा खर्च होऊन गेल्यावर तडा दिसतो. चांदीचे बिघडलेले काम वितळवून पुन्हा घडवता येते, भाजलेल्या मातीला तीही सोय नाही. म्हणून मोठ्या ताटाच्या किमतीत न विकल्या गेलेल्या ताटांचाही हिस्सा धरावा लागतो. याउलट मेझुझाची नळी बोटभर लांबीची. भट्टीत मोठ्या भांड्यांच्या मधल्या फटींत अशा कितीतरी नळ्या बसतात, वाकण्याचे भय थोडे आणि इंधन तर तसेही जळतच असते.