स्वास्थ्याची रोजकीर्द : लेखांक ९ – गती आणि गणती

रक्तदाबाचा विषय या आठवड्यात घेण्याचे मी कबूल केले होते. पण मिरजेहून आलेल्या एका पत्रामुळे तो पुढे ढकलणे मला भाग पडले आहे. पत्रलेखक मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून आहेत, आणि जमाबंदीचे आकडे तपासण्यात आयुष्य घालवलेली त्यांची नजर निवृत्तीनंतरही तितकीच दक्ष आहे, हे पत्रासोबत आलेल्या आखीव कागदावरून तत्काळ ध्यानात येते. त्या कागदावर तीन रकाने आहेत. पहिल्यात मुलाने घेऊन दिलेल्या मनगटी घड्याळाने दाखवलेले नाडीचे ठोके, दुसऱ्यात फोनच्या कॅमेऱ्यावर बोट टेकवून मिळालेले, आणि तिसऱ्यात त्यांनी स्वतः तीन बोटांनी मोजलेले. २१ दिवसांच्या या नोंदींत तिन्ही रकाने जुळले असे दिवस अवघे ४. यांतला कोणता आकडा कायमच्या दप्तरात दाखल करावा, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालाचे उत्तर एका वाक्यात देता येईल, पण तसे देणे म्हणजे एका उत्तम प्रश्नाची उपेक्षा करणे होय. घड्याळ नाडी मोजते असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते प्रकाश मोजते, आणि त्या प्रकाशावरून नाडीचे अनुमान करते. रात्री दिवा मालवून घड्याळ उलटे धरावे, म्हणजे त्याच्या तळाशी हिरवे ठिपके चमकताना दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर मनगटाच्या त्वचेखाली रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश किंचित मंदावतो, आणि लाट ओसरली की पुन्हा वाढतो. हे चढउतार टिपून त्यांचा हिशेब मांडणे, एवढेच त्या यंत्राचे काम. त्यामागचे तत्त्व नवे नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथे आल्रिक हर्ट्झमन या शरीरशास्त्रज्ञाने प्रकाशाच्या साहाय्याने बोटांतील रक्तप्रवाहाचे आलेख १९३७–३८ च्या सुमारासच काढले होते. त्यांचे प्रयोगशाळेतले उपकरण आज मनगटावर मावते, इतकाच काय तो फरक.

फोनचा प्रकार अधिक मनोवेधक आहे, आणि तो प्रत्येक वाचकाने एकदा स्वतः पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दिवा आणि कॅमेरा या दोहोंवर तर्जनीचे टोक टेकवले की पडदा तांबडालाल होतो; कारण पांढऱ्या प्रकाशातले इतर रंग बोटातच जिरतात आणि तांबडा तेवढा पार होऊन बाहेर पडतो. तो तांबडेपणा स्थिर भासतो, पण कॅमेरा दर सेकंदाला साधारण ३० चित्रे घेत असतो. म्हणजे मिनिटाला ७२ ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला २५ चित्रे येतात, आणि त्या २५ चित्रांतली तांबड्या छटेची सूक्ष्म घट-वाढ पडद्यावर लाटेच्या रूपाने उमटते. काल सायंकाळी मेजाशी बसून मी बोट जरा जोराने दाबून पाहिले, तेव्हा लाट सपाट होत होत नाहीशी झाली. दाबामुळे बोटाच्या टोकातील केशवाहिन्या मिटल्या होत्या. बोट अलगद ठेवताच ती परत आली. थंडीत बोटे गारठलेली असली की हीच अडचण येते.

आता मिरजेच्या कागदाकडे वळू. पत्रलेखकांनी प्रत्येक आकड्याशेजारी वेळही नोंदली आहे, आणि याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण उलगडा त्या वेळांतच आहे. दूध घेऊन जिना चढून आल्याबरोबर ६ वाजून १० मिनिटांनी घड्याळ, पाच मिनिटांनी फोन, आणि आणखी पाच मिनिटांनी बोटे. एका दिवशीची नोंद ८४, ७९, ७४ अशी आहे, आणि बहुतेक दिवशी आकडे याच क्रमाने उतरत गेले आहेत. ही तीन साधनांची तफावत नव्हे. जिना चढून आलेले हृदय विसावत असतानाच्या तीन वेगवेगळ्या क्षणांची ही नोंद आहे. तिन्ही रकाने आपापल्या जागी बहुधा खरेच आहेत.

यंत्राची खरी चूक मी पुण्याच्या पर्वतीवर अनुभवली. पायऱ्या उतरून सपाटीला लागल्यावर झपाझप चालत असता घड्याळाने ११८ दाखवले; संशय आला म्हणून त्याच क्षणी थांबून गळ्याशी बोटे लावली, तर ९६. पाऊल पडताना हात झुलतो, घड्याळ त्वचेवर सूक्ष्म सरकते, आणि त्यामुळे प्रकाशात होणारा फेरफार रक्ताच्या लाटेसारखाच नियमित असतो. म्हणून यंत्र कधीकधी ठोक्यांऐवजी पावले मोजू लागते. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून, रुतणार नाही पण हलणारही नाही असा आवळला, तर हा दोष पुष्कळ कमी होतो.

त्वचेच्या वर्णाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्वचेतील कृष्णद्रव्यदेखील हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे वर्ण जितका गडद तितका परत येणारा प्रकाश क्षीण. २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत ज्या ऑक्सिमीटरशी महाराष्ट्रातील घरोघरीची बोटे परिचित झाली, त्याचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात शोधले. त्यात तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरतात. त्याच २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगनच्या वैद्यकांनी दाखवून दिले की प्राणवायू धोकादायकरीत्या उतरलेला असूनही यंत्र समाधानकारक आकडा दाखवते, असे प्रसंग श्वेतवर्णीय रुग्णांच्या मानाने कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट घडतात. आपल्यासारख्या सावळ्यांच्या देशात ही बाब गांभीर्याने घेतली जावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तिच्यासाठी मी एक स्वतंत्र लेखांक राखून ठेवला आहे.

परंतु कोणता आकडा खरा, या प्रश्नापेक्षाही मला मोलाचा वाटणारा एक प्रश्न आहे, आणि तो म्हणजे नाडीत केवळ आकडाच पाहावयाचा काय, हा. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे विवेचन नाही. ते प्रथम ठळकपणे येते शार्ङ्गधरसंहितेत. तिथे अंगठ्याच्या मुळाशी लागणाऱ्या नाडीचे वर्णन कसे केले आहे, तर वातप्रकोपात ती जळू किंवा सर्पासारखी, पित्तप्रकोपात कावळा किंवा बेडकासारखी, कफप्रकोपात हंस किंवा पारव्यासारखी चालते असे. त्या वर्णनात मोजदाद नाही. आहे ती चाल, म्हणजेच गती. गणती फार पुढे आली. इंग्लंडात लिचफील्ड येथील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून नाडी हळूहळू एक संख्या होऊन बसली. त्या संख्येने वैद्यकाचे अपार कल्याण केले, यात मला तिळमात्र संदेह नाही. पण तिच्यामागे चाल झाकली गेली.

आनंदाची गोष्ट अशी की मनगटावरचे हे यंत्र आपल्याला पुन्हा चालीकडे नेत आहे. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचे अंतर ते टिपून ठेवते, आणि ती अंतरे वारंवार वेडीवाकडी पडू लागली तर सूचना देते. हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच फडफडू लागतात, त्या विकाराला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या मेंदूकडे गेल्यास अर्धांगवायूचा झटका येतो, आणि पुष्कळ रोग्यांना तोवर कसलीही जाणीव नसते. स्टॅनफर्डच्या वैद्यकांनी ४,१९,२९७ घड्याळधारकांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध केली. तिचा खर्च घड्याळ बनवणाऱ्या ॲपल कंपनीनेच केला होता, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. इतक्या मोठ्या समुदायात अनियमित नाडीची सूचना केवळ २,१६१ जणांना गेली. त्यांपैकी ज्या ४५० जणांच्या छातीवर हृदयालेखाची पट्टी चिकटवून तपासणी झाली, त्यांच्यातील ३४ टक्क्यांत तो विकार त्या पट्टीवर प्रत्यक्ष सापडला. हा विकार येऊन-जाऊन असतो, म्हणून उरलेल्यांची सूचना खोटीच होती असे म्हणता येत नाही.

याच विकारात आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. स्टेथोस्कोपने छातीवर ९८ ऐकू यावेत आणि मनगटाला ८० लागावेत, असे होते. म्हणूनच जुने जाणते डॉक्टर एक हात छातीशी आणि दुसरा मनगटाशी ठेवून तपासत असत. अशा प्रसंगी घड्याळाने दिलेला आकडा त्याच्यापुरता बरोबर असूनही हृदयाची पूर्ण हकीकत सांगत नाही.

तेव्हा मिरजेच्या पत्रलेखकांना आणि त्यांच्याबरोबर सर्वच वाचकांना माझी विनंती अशी. येते सात दिवस, सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्यापूर्वी, घड्याळाकडे न पाहता बोटांनी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी, तो आकडा लिहावा, आणि मगच घड्याळाचा आकडा पाहून त्याच्या शेजारी मांडावा. दोहोंत तीन-चारांचे अंतर राहिले, तर विश्रांतीच्या वेळचा घड्याळाचा आकडा खुशाल दप्तरी दाखल करावा. मात्र कागदावर एक रकाना वाढवून त्यावर 'लय' असे लिहावे, आणि बोटांना ठोके समान अंतराने लागले की नाही तेवढेच त्यात नोंदवावे. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ होतात, ते स्वाभाविक आहे. त्याखेरीज सात दिवसांत दोनदा जरी 'अनियमित' असे लिहावे लागले, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ईसीजी काढून घ्यावा. रक्तदाबाचा विषय पुढील रविवारी.