उतरंडीच्या तळाचं मडकं

2021च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या तोंडी दोन इंजेक्शनांची नावं होती. त्यातलं रेमडेसिव्हिर विषाणूवरचं. टोसिलिझुमॅबचा मात्र विषाणूशी थेट संबंध नव्हता. ते ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो त्याचं औषध. ते इंटरल्यूकिन-6 या सायटोकाइनला अडवतं, आणि गंभीर कोविडमध्येही हेच सायटोकाइन बेसुमार वाढलेलं असे.

सायटोकाइन्स म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनरूपी निरोप. जखमेत जंतू शिरले की तिथल्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, मेंदू अंगात ताप चढवतो. लस घेतल्यावर रात्री अंग मोडून येतं ते यांच्यामुळेच. काम भागलं की इंटरल्यूकिन-10 सारखी सायटोकाइन्स सगळ्यांना आवरतात.

आमवातात हे आवरणं कमी पडतं. सांध्याचं पातळ अस्तर सुजून जाड होतं आणि कूर्चा, मग हाड कुरतडू लागतं. सकाळी तासभर बोटं आखडलेली, कपाचा कान धरवत नाही, ओले कपडे पिळवत नाहीत. अशा माणसाला कुणी 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा सुचवतं तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने असंच सुजलेलं अस्तर काढून त्यातल्या पेशी बशीत ठेवल्या. शरीराबाहेर, कुणी न डिवचताही, त्या दिवसेंदिवस सायटोकाइन्स सोडत राहिल्या. पण अडवायचं कुणाला? सायटोकाइन्स ढीगभर, एकाचं काम दुसरं करणारं. एकट्याला रोखून काय साधणार, असंच पुष्कळांचं मत होतं. 1989 मध्ये याच गटातल्या फिओनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी बशीत टीएनएफला निकामी करणारी प्रतिपिंडं घातली, आणि इंटरल्यूकिन-1 सुद्धा आटलं. टीएनएफ हे उतरंडीच्या तळाचं मडकं निघालं.

1992 साली चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात 20 रुग्णांवर टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची पहिली चाचणी सुरू झाली. सूज उतरली, दुखणं ओसरलं. या चाचणीचंच नाव अधिक झालं. मला मात्र बशीतला प्रयोग जास्त देखणा वाटतो. चाचणीत औषधाचा असर संपला तसा आजार परतला, कारण टीएनएफ अडवलं तरी ते सोडायला लावणारी मूळ गडबड तशीच होती. आणि प्रत्येक आजाराची उतरंड वेगळी. सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन-17 अडवलं की त्वचा निवळते, क्रोन्स आजारातल्या आतड्याला मात्र त्याच औषधाने फायदा झाला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टीएनएफ रोखून पाहिलं, तर झटके वाढले.

आपल्याकडे खरी अडचण क्षयाची. अनेकांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षं निपचित असतात. प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात आणि ते कडं टिकतं टीएनएफवर. टीएनएफ अडवलं की कडं ढासळतं. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध घेणाऱ्या 70 जणांना क्षय झाल्याचा अहवाल आला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेरही पसरला होता. म्हणूनच दुखणं मनगटाचं असलं तरी डॉक्टर आधी छातीचा एक्स-रे सांगतात, माँटू किंवा इग्रा चाचणी करायला लावतात. सुप्त क्षय निघाला तर साधारण महिनाभर त्याच्या गोळ्या, आणि मग पहिलं इंजेक्शन.