ताणली तरी न तुटणारी तार

कोपर वाकवलं की वरची कातडी चांगलीच ताणली जाते. तिथे तांब्याची बारीक तार चिकटवली तर दहा-वीस वेळा ताण बसेपर्यंतच तिचा टिकाव. द्रवाला मात्र ताणाचं काही वाटत नाही. मग तारच द्रवाची का करू नये?

कल्पना जुनी आहे. व्हिटनी या संशोधकाने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पारा भरलेली बारीक रबरी नळी हातापायाभोवती गुंडाळून रक्ताने त्यांचा घेर किती वाढतो ते मोजलं जाई. पण नळी फुटली की विषारी वाफ.

आता पाऱ्याच्या जागी गॅलियम आलं. ते २९.८ अंशांना वितळतं. त्यात वजनाने साधारण चौथा हिस्सा इंडियम मिसळलं की वितळणबिंदू पंधरा-सोळा अंशांवर उतरतो. पुण्यातल्या थंडीत, पहाटे अंगावरून काढून ठेवलेला अशा तारेचा पट्टा गोठू शकतो खरा, पण अंगावर असताना नाही. वाफ जवळपास शून्य. वीज तांब्याच्या सतराव्या हिश्श्याइतकी वाहते, तेवढी पुरते.

खरी गंमत पृष्ठभागावर आहे. या मिश्रधातूचा पृष्ठताण पाण्याच्या कितीतरी पट. वागायचंच तर त्याने पाऱ्यासारखं गोळा होऊन पळायला हवं. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर येतो, तापल्या दुधावर साय धरावी तसा, फक्त जाडी एक ते तीन नॅनोमीटर. तो थर आकार धरून ठेवतो, म्हणून सिलिकॉन रबरावर सुईतून बारीक रेघा काढता येतात. हायड्रोक्लोरिक आम्ल लावलं की थर विरघळतो आणि रेघेचे थेंब होतात. मला तर हा थरच खरा नायक वाटतो.

अशा रेघेने ताण मोजणंही सोपं. रेघ दहा टक्के ताणली की द्रव तेवढाच असल्याने ती बारीकही होते. लांबी वाढली, जाडी घटली; दोन्हींमुळे रोध मिळून २१ टक्के वाढतो. छातीवरच्या पट्ट्यात हा आकडा श्वासागणिक चढतो-उतरतो. मनगटावर नाडी रेघ दाबते, तेव्हाही तो किंचित हलतो.

अडचणी आहेतच. तापमानानेही रोध बदलतो. म्हणून शेजारी न ताणणारी दुसरी रेघ ठेवून तिचा फरक वजा करतात. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांमधून शिरून त्याला ठिसूळ करतं, त्यामुळे जोडणीला तो धातू चालत नाही. आणि मऊ रेघ कडक चिपला भेटते तो सांधा सर्वांत आधी सुटतो. तिथे रबर मुद्दाम जाड ठेवतात, म्हणजे ताण दूरच्या भागात जातो.