नीलकंठाचे माप

माघ वद्य चतुर्दशीची पहाट झाली की राहुरी परिसरातील शिवालयांत अभिषेकाचे मंत्र घुमू लागतात. बेलाची त्रिदले, आंब्याचा मोहोर, धोतऱ्याचे फूल आणि कवठ ताम्हनात घेऊन माताभगिनी मंदिराची वाट धरतात. कित्येक भाविक गोदा-प्रवरेच्या संगमी, टोके येथील सिद्धेश्वराच्या दर्शनास जातात.

या भूमीचे समुद्रमंथनाशी जुने नाते आहे. अमृत वाटण्यासाठी श्रीविष्णूंनी मोहिनीरूप धारण केले ते नेवाशास, अशी श्रद्धा असून तेथील मोहिनीराजाचे मंदिर तिची आठवण जागती ठेवते. देवांच्या पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचा शिरच्छेद झाला, तेव्हा मस्तक पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असे लोकपरंपरा सांगते. परंतु अमृताआधी त्याच सागरातून हलाहल वर आले होते. महादेवांनी ते प्राशन केले, उदरात मात्र उतरू दिले नाही. कंठातच धरून ठेवले. विष किती घ्यावे आणि कोठे अडवावे, याचे माप ज्याला कळले तो नीलकंठ.

या मापाची आठवण आज मुद्दाम करण्याचे कारण आहे. अनेक घरांत आतल्या खोलीत एखादा वृद्ध कर्करोगाच्या वेदनेने तळमळत असतो. डॉक्टर मॉर्फीनच्या गोळ्या लिहून देतात. ‘ही तर अफू! व्यसन लागेल,’ म्हणून घरची मंडळी त्या कपाटात ठेवून देतात. त्याच वेळी कोणी आप्त सुचवितो, ‘भांग ही शंकराची विजया, तिच्यात काय दोष? प्रसाद म्हणून घोटभर द्या.’ गोळीची भीती आणि प्रसादाचा विश्वास यांच्या कात्रीत रुग्णाची रात्र मात्र तळमळत जाते.

आपल्या पूर्वाचार्यांनी या दोन्ही वनस्पतींकडे भाबडेपणाने पाहिले नव्हते. तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’ द्रव्याची, म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व देहात पसरणाऱ्या द्रव्याची, उदाहरणे देताना भांग आणि अहिफेन यांची नावे शेजारी शेजारी येतात. अहिफेन म्हणजे सर्पाचा फेस. अफूला दिलेले हे नावच सावध करणारे आहे. शोधन केल्यावाचून आणि मात्रा ठरविल्यावाचून ही द्रव्ये वापरू नयेत, असा वैद्यकाचा दंडक होता.

प्रथम अफूचा विचार करू. दिवाळीच्या अनारशावर आपण जी खसखस लावतो, ती याच झाडाची बी. बी निरुपद्रवी, मादक असतो तो कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधशास्त्रज्ञ सेर्ट्युर्नर याने त्या चिकातून मॉर्फीन वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिले. मेंदूत आणि मज्जारज्जूत विशिष्ट ग्राहक-स्थाने असतात. तेथे मॉर्फीन बसले की वेदनेचा निरोप क्षीण होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर याच्या तोडीचे औषध भांगेत आढळलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी आखलेल्या उपचारांच्या शिडीत तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फीनच ठेवले.

दोषही तितकेच थोर आहेत. मात्रा अधिक झाली तर श्वास मंदावून थांबू शकतो, बद्धकोष्ठ होतो, सवय जडते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या गरीब माता एके काळी तान्ह्या मुलांना अफूची बारीक गोळी देऊन निजवीत, ही आपल्याच राज्यातील दुःखद आठवण आहे. अमेरिकेत तर साध्या दुखण्यावरही अशी औषधे सढळ हाताने देण्यापासून सुरू झालेले संकट पुढे हेरॉइन आणि बेकायदा फेंटॅनिलपर्यंत गेले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी तेथे अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे दगावली.

आता विजया. आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यास संधिवात, धनुर्वात आदी रोगांवरील भांगेचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाला तिचा नीट परिचय झाला. तिच्यातील मुख्य मादक घटक १९६४ मध्ये इस्राएलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. पुढे १९९२ मध्ये, त्याच ग्राहक-स्थानांवर काम करणारे एक द्रव्य आपला मेंदू स्वतःच निर्माण करतो असे आढळले. संशोधकांनी त्याचे नाव संस्कृतातील ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ ठेवले. श्वासाचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागात भांगेची ग्राहक-स्थाने अत्यल्प असल्याने तिच्याने मॉर्फीनसारखा श्वास कोंडत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र वेदनाशमन मध्यम प्रतीचे. मज्जातंतूंच्या जुनाट दुखण्यात काहींना थोडा उतार पडतो, कर्करोगाच्या असह्य वेदनेत तिचा भरवसा धरता येत नाही. शिवाय नाडी जलद होते, भोवळ येऊन वृद्ध पडतात, भ्रम होतो. मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्यास ती घातक ठरू शकते. पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारा मग संकटात सापडतो.

राहुरीच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कृषी विद्यापीठाच्या शेजारी राहून त्याने एवढे निश्चित जाणले आहे, की फवारणीचे माप चुकले तर औषधच पीक जाळते. मॉर्फीनच्या गोळीवर मिलिग्रॅमचा आकडा छापलेला असतो. ठंडाईत वाटलेल्या पाल्याचे बळ कोणास ठाऊक?

कायदाही जाणून घ्यावा. १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात. शेंड्यावाचूनची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. तथापि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून भांग बाळगणे अपराध आहे. याच १९८५ च्या कायद्यातील जाचक अटींमुळे पुढील दशकात देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला आणि असंख्य रुग्ण वेदनेतच गेले. केरळात कोळिकोडे येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची चळवळ उभारली. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारून रुग्णांची वाट पुष्कळ सुकर केली.

तेव्हा कपाटातील गोळ्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या वेळीच द्याव्यात. सोबत पोट साफ होण्याचे औषध मागून घ्यावे. आपल्या मनाने मात्रा वाढवू नये, एकाएकी बंदही करू नये. मुलाबाळांपासून त्या कुलपात ठेवाव्यात. वैद्यकीय देखरेखीत कर्करोगाच्या वेदनेसाठी घेतलेले मॉर्फीन आणि व्यसनासाठी घेतलेली अफू यांत महदंतर आहे. या गोळ्यांबरोबर भांग, मद्य वा झोपेचे औषध देणे मात्र जिवावर बेतू शकते.

वेदना हे प्रारब्ध आहे, ते भोगूनच संपवावे, असे म्हणणारेही भेटतात. आपले प्रारब्ध आपण भोगावे, हे खरे. पण दुसऱ्याच्या प्रारब्धाचा पहारेकरी होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सृष्टी पोळत असताना महादेवांनी तिचे प्रारब्ध विचारले नाही, हात पुढे केला. आज रात्री चार प्रहर जागरण होईल. ज्यांच्या घरी रुग्ण आहे, त्यांनी मंदिरात जाता आले नाही म्हणून खंत करू नये. घड्याळ पाहून, गोळी मोजून, उशाशी बसून त्या जिवाला शांत निद्रा लाभू द्यावी. नीलकंठाच्या चरणी तेही जागरण रुजू होईल.