माजी सैनिकांचे मेळावे

कोल्हापूर जिल्ह्यांत सैन्यांत जाण्याची परंपरा जुनी आहे. शिरोळ तालुक्यांतील एक गांव तर ‘सैनिक टाकळी’ याच नांवानें ओळखलें जातें. अशा जिल्ह्यांत माजी सैनिकांचा मेळावा भरला, कीं पुष्कळांस तो केवळ जुन्या सोबत्यांच्या भेटीचा प्रसंग वाटतो. भेटीचा आनंद तेथें असतोच. परंतु मेळाव्याचें खरें प्रयोजन त्याहून मोठें आहे.

मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण १७६८ सालीं उभी राहिली. सिंहगड सर झाला त्या १६७० सालच्या ४ फेब्रुवारीची आठवण म्हणून ती आपला दिन पाळते. असे दिवस मेळाव्यांस निमित्त होतात. पलटणीचें केंद्र बेळगांवीं आहे व शिपायाच्या चाकरीची आणि कुटुंबाची नोंदही तेथेंच राहते. या नोंदींत पत्नीचें नांव अगर जन्मतारीख चुकली, तर पतीच्या पश्चात् तिचें निवृत्तिवेतन अडतें. घरीं बसून ही चूक ध्यानांत येत नाहीं. मेळाव्यांत मात्र एखादा जाणता हवालदार कागद पाहून ती दाखवितो, व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाटही सांगतो.

म्हणूनच माजी सैनिकानें मेळाव्यास एकट्यानें न जातां पत्नीस व मुलांस बरोबर न्यावें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं असे कागद असतील, तर ते आजीला एकदां अवश्य वाचून दाखवा. वीराचा सन्मान हारतुऱ्यांनीं होतो, तसाच त्याच्या मागें राहिलेल्यांची काळजी घेतल्यानेंही होतो.